घरसामान हलविण्याचा धंदा : त्याची व्यवस्था आणि त्याचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या वर्षीच्या संमेलनात घरसामान वाहतुकीच्या धंद्यावर आम्ही काही बोलावे असा आग्रह व्यवसाय-समितीच्या चिटणीसांनी धरला, तेव्हा आम्ही त्यांस एवढेच विचारले की, ज्याचे शिक्षण मॅट्रिक आणि त्यावर अध्यापनाचे प्रशिक्षण एवढेच, अशा एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने धंद्याविषयी बोललेले सभेस रुचेल काय? त्यांचे उत्तर असे की, धंदा करणारे आपल्यांत आता पुष्कळ आहेत, पण त्याचा हिशेब फळ्यावर मांडून दाखविणारा कोणी मिळत नाही. त्या उत्तराच्या आधाराने आम्ही येथे उभे आहोत. आमच्या पुतण्याचा पुण्यास हा धंदा आहे आणि निवृत्तीनंतर त्याच्या वह्या आम्ही लिहितो. जे सांगावयाचे ते त्या वह्यांत पाहिलेले आहे.

माल ठरावीक भाड्याने एका गावाहून दुसऱ्या गावी पोचता करण्याची जोखीम घेणाऱ्यास आपल्याकडे पूर्वी हुंडेकरी म्हणत. त्याचा माल म्हणजे बाजाराचा माल : धान्य, गूळ, कापूस. कोणी आपले घरचे चंबूगबाळे हुंडेकऱ्याच्या स्वाधीन करीत नसे. बदली झालेला शिक्षक एक ट्रंक, एक वळकटी व भांड्यांचे पोते घेऊन एस. टी.च्या टपावर सामान चढवी आणि दुसऱ्या दिवशी नव्या शाळेत हजर होई. आमच्या स्वतःच्या चार बदल्या अशाच झाल्या. आता घरोघरी शीतकपाट, धुलाईयंत्र, दिवाण, काचेची कपाटे आली; मुले हिंजवडी, खराडी, बेंगळूरु, हैदराबाद अशी नोकरीनिमित्त फिरू लागली; आणि भाड्याच्या घराचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असल्याने वर्ष-दोन वर्षांनी बिऱ्हाड उचलणे नित्याचे झाले. यातून ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ अशी पाटी लावणारा हा नवा हुंडेकरी जन्मास आला.

या धंद्यात शिरणे सोपे आहे, हेच त्याचे मोठे संकट होय. २००५ साली टाटांनी ‘एस’ ही छोटी मालगाडी बाजारात आणली. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले आणि त्या हत्तीच्या पाठीवर कित्येक तरुण व्यावसायिक झाले. भारासह तीन हजार किलोंपर्यंत वजनाच्या मालवाहनास परवाना लागत नाही. साडेसात हजार किलोंपर्यंतचे मालवाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, हेही सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. म्हणजे कर्ज मिळाले, चार हात मिळाले आणि एक भ्रमणध्वनी मिळाला की दुकान उघडले. परंतु जे दार तुम्हांस उघडे आहे ते शेजाऱ्यासही उघडेच असते. तोही उद्या तसेच दुकान मांडतो व तुमच्यापेक्षा पाचशे रुपये कमी सांगतो. मग तुम्ही त्याच्यापेक्षा पाचशे कमी सांगता. या उतरंडीच्या तळाशी काय आहे, ते हिशेबावाचून कळत नाही.

आता तो हिशेब मांडू. ऐकताना ध्यानात राहावा म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. प्रत्येकाने आपल्या गाडीचे आकडे त्या जागी घालावेत.

चौदा फुटी गाडी घेतली, किंमत १६ लक्ष. आठ वर्षे वापरून ती ४ लक्षांस विकली जाईल असे धरा. मध्ये १२ लक्ष झिजले. वर्षास दीड लक्ष, महिन्यास १२,५००. यास घसारा म्हणतात. तो कोणी मागावयास येत नाही, त्याची पावती नसते, म्हणून तो वहीत चढत नाही. पण ज्या दिवशी गाडी झाडाखाली उभी असते त्या दिवशीही ती थोडी थोडी खर्च होतच असते. कर्जावरील व्याज सरासरीने महिना ७,०००. विमा, कर, योग्यता प्रमाणपत्र मिळून ६,०००. चालकाचा पगार २२,०००. गाडी उभी करण्याच्या जागेचे भाडे २,५००. बेरीज बरोबर ५०,०००. हा खर्च गाडी हलो वा न हलो, पडणारच.

आमचा पुतण्या काय करीत असे? पुण्यातल्या पुण्यात दोन खोल्यांचे बिऱ्हाड हलविण्यास तो ९,५०० रुपये घेई. चार माणसांची मजुरी ३,६००; खोकी, फुग्यांचा कागद, चिकटपट्टी, गोणपाट, सुतळी हे बारदान २,५००; डिझेल ९००. झाले ७,०००. उरले अडीच हजार. ‘काका, एका दिवसात अडीच हजार! तुमचा शिक्षकाचा पगार किती होता?’ असे तो आम्हांस थट्टेने म्हणे. त्याचा उत्साह खरा होता आणि कष्टही खरे होते. पण त्या महिन्यात गाडी किती दिवस कामावर गेली, हे आम्ही वहीत मोजले. दिवस निघाले सोळा. पन्नास हजारांस सोळांनी भागा : ३,१२५ रुपये. एवढा स्थिर खर्च त्या एका कामावर बसतो. टायर, तेल, दुरुस्ती यांकरिता दर किलोमीटरला पाच रुपये धरा, साठ किलोमीटरांचे ३००. कार्यालयाचे भाडे, दूरध्वनी, जाहिरात, हिशेबनीस असा सर्व वरखर्च दोन गाड्यांच्या बत्तीस कामांवर महिना ३२,००० होता, म्हणजे कामामागे १,०००. आता सगळे एकत्र करा : ३,१२५, ३,६००, २,५००, ९००, ३०० आणि १,०००. उत्तर ११,४२५. घेतले ९,५००. खिशात अडीच हजारांचा नफा आणि वहीत १,९२५ रुपयांचा तोटा, असे हे एकच काम होते.

येथे सुज्ञ श्रोता विचारील की, दर कामाला तोटा होता तर धंदा चालला कसा? धंदा असाच चालतो, आणि म्हणूनच तो घात करतो. पुढच्या गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेतून मागच्या मजुरांची मजुरी दिली जाते, डिझेल पंपावर महिन्याची उधारी असते, टायर अजून गुळगुळीत झालेले नसतात. हातातील रोकड आणि नफा या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे इयत्ता सातवीच्या मुलास समजाविणे आम्हांस कधी जड गेले नाही. तीन मालगाड्यांचे स्वप्न पाहणाऱ्या तिशीतल्या तरुणास समजाविणे मात्र जड गेले. दुसऱ्या गाडीच्या पहिल्या भरण्यासाठी सूनबाईंच्या पाटल्या सोनेतारणात गेल्या होत्या. तिसरी गाडी घ्यावी म्हणून कर्ज देणाऱ्या संस्थेचा माणूस आठवड्यास दोनदा येऊन बसत होता. तोट्याच्या दोन गाड्यांस तिसरी जोडल्याने तोटा भरून निघत नाही, तो दीडपट होतो. हे वाक्य आम्ही घरात सर्वांसमक्ष बोललो आणि त्यानंतर आठ दिवस पुतण्या आमच्याशी मोजकेच बोलत होता, हेही येथे सांगितले पाहिजे.

उभ्या गाडीचा खर्च किती कठोर असतो, याचा धडा २०२० सालच्या टाळेबंदीने साऱ्या व्यवसायास दिला होताच. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्टचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. हप्ता थांबला, व्याज थांबले नाही. पण संकट सरले की माणूस धडा विसरतो. असो.

वरच्या गणितातील सर्वांत मोठी किल्ली कोठे आहे, ते पाहा. मजुरीत काटछाट करून शे-दोनशे वाचतील, बारदानात फार तर पाचशे. परंतु गाडी सोळाऐवजी वीस दिवस कामावर गेली तर स्थिर खर्च ३,१२५ वरून २,५०० वर येतो. एका दिवसाचाही पगार कोणाचा न कापता कामामागे ६२५ रुपये सुटतात. म्हणून या धंद्याच्या मालकाने पहाटे उठून प्रथम पंचांग पाहावे असे आम्ही म्हणतो, आणि हे विनोदाने म्हणत नाही. गिऱ्हाइके सगळी महिनाअखेरीस व शनिवार-रविवारी येतात, कारण भाड्याचा महिना तेव्हा संपतो. मे-जूनमध्ये शाळांमुळे झुंबड उडते. गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया, दसरा यांच्या आगेमागे नव्या घरात जाणाऱ्यांची रीघ लागते. उलट आषाढ, पितृपंधरवडा आणि पौष यांत स्वतःच्या घरात प्रवेश करावयास कोणी धजत नाही. पितृपंधरवड्यात तर भाडेकरूसुद्धा सबब सांगतो. महिन्याच्या दहा ते वीस या तारखांना गाड्या धूळ खात उभ्या असतात. पुतण्याने दोन गोष्टी केल्या. महिन्याच्या मधल्या दिवसांत घर हलविणाऱ्यास हजार रुपये सूट दिली आणि महिनाअखेरीचा दर तेवढाच वाढविला. ज्यांस तारखेची सक्ती नाही असे निवृत्त लोक, घरमालक व अविवाहित मुले आपोआप मधल्या तारखांकडे वळली. दुसरे, मंद महिन्यांसाठी त्याने कार्यालये, दवाखाने व वाचनालये हलविण्याची कामे मिळविली. त्यांस मुहूर्त नसतो आणि त्यांचे पैसे उशिरा आले तरी येतात.

आता दराकडे वळू. दूरध्वनीवर दर सांगणे हे या धंद्यातील बहुतेक भांडणांचे मूळ होय. गिऱ्हाईक म्हणते, ‘सामान फार नाही हो, दोन खोल्यांचेच आहे.’ गृहिणीस स्वतःचे सामान नेहमी थोडेच वाटते. यात खोटेपणा नाही, तो दृष्टीचा स्वभाव आहे. घरसामान गाडी भरते ते वजनाने नव्हे, आकारमानाने. चौदा फूट लांब, सहा फूट रुंद व सहा फूट उंच गाडीत ५०४ घनफूट जागा असते. लोखंडी कपाट ३० घनफूट खाते, शीतकपाट २०, धुलाईयंत्र १२, तिघांचा सोफा जवळजवळ ६०. पलंगाखाली काय आहे आणि माळ्यावर काय आहे, हे कोणी सांगत नाही. आणि गाडी भरते ती माळ्यावरच्या सामानानेच. गिऱ्हाईक ‘फार नाही’ म्हणाले आणि गाडी छोटी नेली की दुसरी फेरी पडते. त्या दुसऱ्या फेरीत सगळा नफा वाहून जातो. म्हणून आधी घर पाहावे, निदान चलतचित्राच्या दूरध्वनीवरून प्रत्येक खोली, माळा व सज्जा दाखवून घ्यावा, आणि वस्तूंची यादी लिहून मगच आकडा सांगावा.

पाहणी करताना सामानाइतकेच इतर प्रश्नही महत्त्वाचे असतात. उद्वाहक आहे काय, आणि तो सामानासाठी वापरू देतात काय? सोसायटीचे शुल्क किती व वेळ कोणती? कित्येक सोसायट्यांत सायंकाळी सहानंतर सामान आत घेऊ देत नाहीत. मग रात्रभर गाडी फाटकाबाहेर उभी, चार माणसे गाडीत झोपलेली, आणि दुसऱ्या दिवशीचे काम बुडालेले. सदाशिव किंवा शनिवार पेठेतील वाड्याच्या बोळात गाडी किती अंतरावर थांबेल? शहरात जड वाहनास बंदीचे तास कोणते? आणि आमच्या मते सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न : ‘मुहूर्त किती वाजताचा आहे?’ आपल्या घरांत आधी देव जातात, पाण्याचा कलश व धान्य जाते, चुलीवर दूध उतू जाते, मगच सामानास उंबरा ओलांडू देतात. गाडी नऊ वाजता दारात आणि मुहूर्त अकरा वाजून चाळीस मिनिटांचा, असे झाले की पावणेतीन तास माणसे जिन्यात बसून राहतात. तो दोष ना गिऱ्हाइकाचा, ना मजुरांचा. तो न विचारलेल्या प्रश्नाचा. आता पुतण्याच्या पाहणीच्या कागदावर हा प्रश्न छापलेला आहे आणि गाडी त्याप्रमाणे भरून उशिरा निघते.

मजुरांविषयी आम्हांस थोडे अधिक बोलावयाचे आहे. शीतकपाट पाठीवर पट्ट्याने बांधून चार जिने चढणारा माणूस हा या धंद्याचा खरा भांडवलदार होय. त्याचे भांडवल म्हणजे त्याचा कणा. महाराष्ट्रात हमाल-माथाडी कामगारांसाठी १९६९ सालचा कायदा आहे, आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. हमालास माणूस म्हणून वागविण्याची ओळख त्या चळवळींनी करून दिली. आपल्या ज्ञातीतील नव्या मालकांनी मजुरी ठरविताना हे विसरू नये. हे केवळ दयाबुद्धीने सांगत नाही, वहीही तेच सांगते. एका आषाढात कामे निम्म्यावर आली म्हणून पुतण्याने दोन जुन्या माणसांस ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणून परत पाठविले. दोघेही दुसरीकडे लागले. नंतर कामे वाढली तेव्हा मजूरअड्ड्यावरून नवी मुले आणली. त्यांनी जेवणाच्या टेबलाचा संगमरवरी पाट आडवा धरून जिन्यातून उतरविला; वळणावर तो मधोमध मोडला. संगमरवर आणि काच नेहमी काठावर उभी धरून न्यावयाची असते, आडवी धरली की स्वतःच्याच वजनाने तडकते. जुन्या माणसांस हे विचारावेही लागत नसे. त्याच आठवड्यात काचेच्या कपाटाचे दार गेले. दोन्ही मिळून भरपाई १४,००० रुपये. त्या दोघा जुन्या माणसांस आषाढात महिना दहा दिवसांच्या मजुरीची हमी दिली असती, तर काम सात दिवसांचेच होते असे धरूनही तीन दिवसांचे, दोघांचे मिळून, ५,४०० रुपये जादा गेले असते. आता हमी दिली जाते. मुकादमास मोडतोड न झालेल्या महिन्याचे बक्षीस निराळे मिळते. त्या दोघांपैकी एक परत आला आहे. दुसरा आला नाही.

बारदानाविषयी एवढेच सांगू की, जाड गोधड्या व दोऱ्या पुनःपुन्हा वापरता येतात आणि पुठ्ठ्याची खोकी सामान लागल्यावर चार दिवसांनी परत आणली तर दोन-तीन फेऱ्या देतात. पण खोके ओले वा फुगलेले असेल तर त्याचा मोह सोडावा. ज्या खोक्यात भांडी जातात त्याचा तळ सुटला म्हणजे काय आवाज होतो, तो आम्ही ऐकला आहे.

गावातल्या गावात इतके. लांब पल्ल्याचा प्रश्न निराळा आहे आणि तेथे पुष्कळ तरुणांची फसगत होते. पुणे ते बेंगळूरु हे अंतर सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी मार्गे ८४० किलोमीटरांच्या आसपास. गिऱ्हाईक भाडे देते ते जाण्याचे. गाडी मात्र १,६८० किलोमीटर चालते. लिटरास आठ किलोमीटर व नव्वद रुपये भाव धरला तर जाऊन-येऊन डिझेलच १८,९०० रुपयांचे, त्यांतील निम्मे रिकाम्या गाडीला पुण्यास परत आणण्याचे. पथकर दोन्ही बाजूंचा. शिवाय चार दिवस स्थिर खर्च त्या एका कामावर. परतीचे भाडे मिळाले तर ठीक. पण ते मिळावे म्हणून परगावी दोन दिवस थांबून राहणे म्हणजे चवलीसाठी रुपया घालविणे आहे. तेथील दलाल तुमची अडचण ओळखतो आणि भाव पाडतो. चालकास एका दमात ने-आण करावयास लावणे तर सर्वथा निंद्य होय. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालच्या कायद्याने दिवसाचे आठ तास ठरविले होते, ते उगीच नव्हेत.

यावर आमचे स्पष्ट मत असे आहे की, ज्याच्या एक-दोन गाड्या आहेत त्याने स्वतःची गाडी रात्री किंवा फार तर दुसऱ्या दिवशी घरी परतेल इतक्याच अंतरापर्यंत न्यावी : मुंबई, नाशिक, सातारा, कोल्हापूर, सोलापूर. त्यापलीकडे बांधाबांध आपली, भरणे-उतरविणे आपले, पण गाडी परतीच्या वाटेवर असलेल्या एखाद्या विश्वासू वाहतूकदाराची ठरवावी. कानडी मुलखातून माल घेऊन पुण्यास आलेली गाडी रिकामी जाण्यापेक्षा कमी भाड्यात आनंदाने जाते. दोन बिऱ्हाडे एका मोठ्या गाडीत नेली तर आणखी बचत होते, मात्र मध्ये फळीची आडभिंत घालावी व प्रत्येक नगावर घराच्या नावाची चिठ्ठी चिकटवावी; नाहीतर एकाचे पाट-वरवंटे दुसऱ्याच्या घरी जातात. वाटेत सामान एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बदलावयाचे नाही, ही अट लेखी असावी. मोडतोड रस्त्यावर होत नाही, ती चढ-उतारात होते.

मुक्कामाच्या गावचे रीतिरिवाजही खर्चात धरावे लागतात. केरळात ‘नोक्कुकूली’ नावाचा एक प्रकार होता : सामान मालकाच्या माणसांनी उतरविले तरी तेथील हमाल केवळ पाहत उभे राहिल्याबद्दल मजुरी मागत. तेथील शासनाने १ मे २०१८ पासून त्यास मनाई केली. नाव परक्या भाषेतले असले तरी वस्तू अगदीच परकी आहे असे आम्हांस वाटत नाही.

आता कागदपत्रांविषयी, आणि येथे आम्ही मालकांशी बोलत आहोत तसेच, उद्या बिऱ्हाड हलविणार असलेल्या येथील प्रत्येक कुटुंबाशीही बोलत आहोत. रस्त्यावरील मालवाहतुकीसंबंधी १८६५ सालचा जुना कायदा जाऊन २००७ सालचा नवा कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आला आहे. त्याखाली माल हरवला वा नासला तर वाहतूकदाराची जबाबदारी सामान्यतः भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. अधिक किमतीचे सामान असेल तर ती किंमत आधी लिहून द्यावी व जादा जोखमीचा दर भरावा. नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदविल्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत दिली पाहिजे. तोंडी तक्रार कितीही मोठ्या आवाजात केली तरी ती नोटीस होत नाही. विम्याचे पैसे घेतले आणि विम्याचा कागद दिला नाही, असे या धंद्यात पुष्कळदा घडते; कागद मागावा. वापरलेल्या घरगुती सामानास ई-वे बिल लागत नाही. पण दुकानातून नुकतेच आणलेले, वेष्टणही न फोडलेले यंत्र ‘वापरलेले’ ठरत नाही, त्याचे बिल गाडीत ठेवावे. दागिने, रोख रक्कम व घराची मूळ कागदपत्रे गाडीत देऊच नयेत आणि चालकाने ती घेऊही नयेत. भरलेला गॅस सिलिंडर तर मुळीच नको.

आणखी एक दुष्ट प्रकार आहे, त्याचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ठरविताना आठ हजार सांगावयाचे, सामान गाडीत चढले की ‘जिने जास्त निघाले, खोकी जास्त निघाली’ म्हणून तेरा मागावयाचे, आणि पैसे मिळेपर्यंत गाडी हलवावयाची नाही. पोटच्या पोरांची दप्तरे, म्हातारीची औषधे, देव्हारा, सगळे त्या गाडीत असते. मनुष्य काय करील? तो पैसे देतो आणि शिव्या देतो. आमचे ऐकणारे तरुण असे करणार नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु हे करणारे सगळे जन्मतः लबाड नसतात, हेही वह्या पाहून आम्हांस पटले आहे. आठ हजार सांगणाऱ्यास आपला खर्च अकरा हजारांचा आहे हे ठाऊक नसते किंवा ठाऊक असून काम हातचे जाईल या भीतीने तो गप्प बसतो. मग ती तूट भरून काढावयास त्यास दाराशी उभ्या असलेल्या असहाय माणसावाचून दुसरे कोणी दिसत नाही. महाजालावर चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकाचे नाव चार-पाच जणांस विकणारे मध्यस्थ आहेत. ते पाचही जण एकाच तासात दूरध्वनी करतात व एकमेकांस खाली ओढतात. पुतण्याने अशी नावे विकत घेणे बंद केले. त्या पैशांत त्याने जुन्या गिऱ्हाइकांस दिवाळीचे पत्र पाठविले आणि जुन्या घरमालकांस, सोसायट्यांच्या चिटणिसांस जाऊन भेटला.

त्याने दर वाढविला तेव्हा पहिले दोन महिने कामे खरोखरच कमी झाली. बत्तिसांची चोवीस झाली. त्या काळात घरात कोणी मोठ्याने बोलत नसे, आणि आमच्या गणिताकडे संशयाने पाहणारे आमच्याच घरात दोघे-तिघे होते. तिसऱ्या महिन्यापासून मधल्या तारखांची कामे येऊ लागली. पुढे एका शिक्षणसंस्थेचे वाचनालय मिळाले. तिसरी गाडी घेतली नाही, अजूनही घेतलेली नाही. सूनबाईंच्या पाटल्या गेल्या वर्षी अक्षय्यतृतीयेच्या आठ दिवस आधी सुटून आल्या. गाड्या आता महिन्यास सरासरी एकोणीस-वीस दिवस कामावर जातात. दर महिन्यास घसाऱ्याचे १२,५०० रुपये प्रत्येक गाडीमागे बँकेत निराळ्या खात्यात टाकले जातात. गाडी म्हातारी होईल तेव्हा ती गंगाजळी तेथे असावी.

पाहणीचा कागद, एका कामाच्या खर्चाचे पान आणि गाडीच्या कामाच्या दिवसांचे मासिक पान, अशी तीन पाने आम्ही हाताने आखून आणली आहेत. त्यांच्या प्रती व्यवसाय-समितीच्या मेजावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी एक-एक संच न्यावा आणि मागील एका महिन्याचे आकडे त्यांत भरून पाहावेत. बेरजेत कोणास अडले तर आम्ही भोजनोत्तर चार वाजेपर्यंत मंडपाच्या उत्तरेकडील खोलीत बसलेले असू.